आजीच्या पत्र्याच्या डब्यात डाळ आणि बियाणं: कामाच्या नोंदी

गाव औसा तालुक्यात, मी राहते लातूरला, शनिवार-रविवार गावी जाते. आजीचे तेलाचे जुने डबे परत धान्याला वापरात आणायचे आणि पावसाळाभर त्यात डाळ, कडधान्यं आणि मालदांडी ज्वारीचं बियाणं कीड न लागता ठेवायचं, एवढंच काम. ज्यांच्या घरात असे डबे माळ्यावर पडलेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे झालं ते तसंच लिहितेय, खर्चासकट.

9 फेब्रुवारी 2025

माळ्यावरचं सगळं खाली काढलं. 15 किलोचे चौकोनी तेलाचे डबे, डालड्याचे दोन पिवळे डबे (एकावरचं झाड अजून ओळखू येतंय), हॉर्लिक्स आणि कॉफीच्या काचेच्या बाटल्या, बिस्किटाचा एक मोठा डबा आणि रॉकेलचा प्लास्टिकचा कॅन. कॅन लगेच बाजूला केला, प्लास्टिकमधे मुरलेला रॉकेलचा वास कितीही धुतला तरी जात नाही, त्यात खायचं काहीच ठेवू नये.

चौकोनी डब्यांचं वरचं तोंड पूर्ण कापून आजीनं त्याला बिजागरीचं झाकण आणि कडी-कोयंडा बसवून घेतला होता. पुढच्या अंगाला चुन्याचे ठिपके आहेत. आजीला लिहिता येत नव्हतं, एक ठिपका तूर, दोन हरभरा, तीन मूग, आणि उभी रेघ म्हणजे बी, त्याला हात लावायचा नाही. लहानपणी त्या रेघेच्या डब्यावर बसलं तरी ओरडा बसायचा. एका डब्यावर ठिपके तीन-चार वेळा पुसून परत दिलेले दिसतात, बोटाचा ठसा आहे चुन्यात. या डब्याच्या बाहेरून पाणी लावायचं नाही असं ठरवलं.

आबा ओट्यावरनं बघत होते. म्हणाले, "काय करूलालीस गं, भंगारवाल्याला द्याचेत का?" मी म्हणलं नाही, भरायचेत. मग काही बोलले नाहीत पण काठी टेकत आत येऊन बसले.

16 फेब्रुवारी

तपासणी. पद्धत सोपी आहे, खोलीत अंधार करायचा, मोबाईलची बॅटरी लावून डब्यात ठेवायची, वरून गोधडी टाकायची आणि बाहेरून चारी बाजू, कोपरे, बूड बघायचं. जिथं उजेड दिसला तिथं भोक. नुसत्या नजरेला जे डबे चांगले वाटत होते त्यातलेच दोन बुडाच्या शिवणीत गळके निघाले. बुडाला गंज जास्त असतो कारण डबा वर्षानुवर्षं शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकलेला असतो आणि ओल खालून येते. म्हणून पहिली गोष्ट, डबा जमिनीवर ठेवायचाच नाही, खाली लाकडी फळी किंवा विटा.

एका डब्याला वरच्या काठाखाली समोरासमोर मोठी भोकं निघाली, गंजाची नाहीत, खिळ्यानं पाडलेली. मला वाटलं झाकण बसवताना चुकून पडली असतील. आबा म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळातली हाईत ती. आत आडवी लाकडी दांडी घालून बाहेरून खिळे ठोकायचे, की झाली पाण्याची बादली. गावची विहीर आटली होती, आजी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी घेऊन यायची आणि मग अंधारात दुसऱ्या शिवारातल्या विहिरीवर हाच डबा घेऊन जायची. दुष्काळ सरल्यावर दांडी काढली, सरपणात घातली, आणि डबा धान्याला लावला. भोकं चिंधीचा बोळा कोंबून बंद करायची असं आबा म्हणाले.

चिंधीनं सोंडे थांबत नाहीत, सोंडा भाताच्या दाण्यापेक्षा लहान असतो. इथं छोटा नट-बोल्ट, दोन्ही बाजूनं वायसर आणि मधे रबराची चकती, असं बसवलं. खर्च 12 रुपये. दहा मिनिटांत झालं आणि बॅटरी लावून बघितलं तर उजेडाचा टिपूस नाही.

22 फेब्रुवारी

धुण्यात सगळा दिवस गेला. आत तेलाचा जो पिवळा चिकट थर वाळून राहतो तो साबणानं निघत नाही. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा, एका डब्याला मूठभर, तासभर तसंच ठेवायचं, मग नारळाच्या शेंडीनं घासायचं. तारेची घासणी लावू नका. आतला पत्रा म्हणजे लोखंडावर कथलाचा अगदी पातळ मुलामा असतो, तारेनं तो खरवडला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि महिन्यात गंज धरतं. शेजारच्या काकूंनी चिंच लावून चकचकीत करायला सांगितलं, ते पितळेला ठीक आहे, पत्र्याच्या आत आंबट लावायचं नाही, मुलामाच खाऊन टाकतं.

धुतल्यावर लगेच उन्हात पालथे न घालता आडवे ठेवा. पालथ्या डब्याच्या काठात पाणी अडकून राहतं.

2 मार्च

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं काम करणारे मामू आहेत, कंदील, चाळण्या, मोजमापाची मापं करून देतात. डबे रिक्षात घालून नेले. येण्या-जाण्याचे 200 गेले, गावातून येताना एसटीत घेतले असते तर वाचले असते पण कंडक्टरनं नाही म्हणलं.

मामूंनी एकेक डबा उलटा करून अंगठ्यानं बूड दाबून बघितलं. दोन डबे बाजूला सारले, "ये पत्रा गल गया बेटी, झाल पकडतीच नै." म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर झाळायला, कथील वितळवून सांधायला गेलं तर ते धरत नाही, आधी तेवढा भाग कापून ठिगळ लावावं लागतं.

दुसरं जे कळलं ते जास्त महत्त्वाचं. जुन्या डब्यांच्या उभ्या शिवणीत आतून जी जाड चंदेरी रेघ दिसते ती शिसं आणि कथील मिसळून दिलेली झाळ असते. शिसं पोटात जाऊ नये, लहान मुलांना तर अजिबात नको. नवीन डब्यांत शिवण वेल्डिंगची असेल तर बारीक काळपट रेघ दिसते, जाड गोळे नसतात. म्हणून मी तिथंच वाटणी केली: चंदेरी जाड झाळीचे आजीचे डबे बियाण्याला, आणि खायच्या डाळीसाठी वेल्डिंगच्या शिवणीचे अलीकडचे डबे. माझ्या मनात सगळी डाळ आजीच्याच डब्यांत भरायची होती, ते सोडून द्यावं लागलं. घरात माझ्या भावाची दोन वर्षांची पोरगी आहे, तिथं आठवणीचा विचार करून चालत नाही.

अलीकडचे डबे बाजारात भज्याच्या गाड्यावाल्यांकडे मिळतात, 50 रुपयाला एक पडला. एकानं दिलेला डबा घरी येऊन उघडला तर तळाला गंजाचे पापुद्रे, तो परत न्यायला गेले तर घेतला नाही. रिकामा डबा घेताना आत बोट फिरवून बघाच. आणि एकदा वापरलेल्या डब्यात परत खाद्यतेल भरून विकायला बंदी आहे, ते योग्यच आहे, घरी कोरडं धान्य ठेवणं वेगळं.

झाकणाचं: बिजागरीचं झाकण दिसायला छान पण चारी बाजूनं फट राहते. मामूंना सांगितलं, वरचा पत्रा पूर्ण कापू नका, मधे गोल तोंड काढा आणि दाबून बसणारं झाकण द्या, डालड्याच्या डब्याला असायचं तसं. हात आत जाईल एवढं तोंड, सहा इंच. एका डब्याचे 90 रुपये. झाळ फक्त बाहेरून द्यायची असं ठरलं.

9 मार्च

आजीच्या डब्यातला एक डबा कोपऱ्यात चेपलेला आहे आणि शिवण वरपासून खालपर्यंत उघडली आहे. तो 1993 चा. 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, किल्लारी इथून लांब नाही, आमच्या माळवदाची धाब्याची खोली बसली. दगड, माती, लाकडं सगळं डब्यांवर आलं. दोन दिवसांनी माती उपसताना हे डबे निघाले आणि त्यातलीच ज्वारी त्या आठवड्यात घरी आणि शेजाऱ्यांना शिजली, असं आई सांगते. आजी नंतर कधी धान्य एका जागी ठेवायची नाही, निम्मे डबे घरात, निम्मे गोठ्यात.

हा डबा दुरुस्त होत नाही. मामू म्हणाले ठोकून सरळ होईल पण दर ठोक्याला मुलामा उडणार. दोन गळक्या डब्यांना बुडाशी ठिगळ हवं होतं आणि त्याच जाडीचा जुना पत्रा बाजारात मिळत नव्हता, हल्लीचा पातळ येतो. मी आबांना विचारलं. ते बराच वेळ त्या कोपऱ्यावरनं हात फिरवत होते, मग म्हणाले, "काप. दोन डबे तर उभे ऱ्हातील." चांगल्या बाजूचे तुकडे कापून ठिगळं दिली. ही दोन्ही बियाण्याची.

16 मार्च

झाळलेल्या जागी आठवड्यात तांबूस गंज! कारण मामूंकडे झाळ देताना जस्त विरघळवलेलं ॲसिड लावतात, ते नीट धुतलं नाही तर हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा खातं. कामाच्या दिवशीच गरम सोड्याच्या पाण्यानं ती जागा दोन-तीनदा धुवून, पुसून, उन्हात कडक वाळवायला पाहिजे. आता गंज पॉलिश पेपरनं काढला, धुतलं, बाहेरून रेड ऑक्साईड आणि त्यावर ऑइल पेंट. चुन्याचे ठिपके सोडून रंगवलं, तेवढ्या जागेभोवती कागद चिकटवून. रंग फक्त बाहेरून, आत काहीही लावलेलं नाही. रंग, ब्रश, पेपर मिळून 340.

रंगाचा वास जायला डबे तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवले, पंधरवडा तरी लागतो, घाई करू नका.

30 मार्च, पाडवा

डबे वाळतायत तोवर काचेच्या बाटल्यांत हरभऱ्याची चाचणी लावली. एका बाटलीत कडुलिंबाचा ताजा पाला, एकीत सावलीत वाळवलेला, एकीत हरभऱ्याला तेलाचा हात, एक नुसती गच्च भरलेली आणि एक नुसती अर्धी.

हे करताना हरभरा भिंगाखाली बघितला. काही दाण्यांवर पांढरा बारीक ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा, नखानं सहज निघत नाही. ती भुंग्याची अंडी. कडधान्याचा भुंगा शेतातच शेंगेवर, दाण्यावर अंडी घालतो, म्हणजे आपण डबा कितीही घट्ट लावला तरी कीड आपल्याच हातानं आत गेलेली असते. अळी दाणा पोखरत आत वाढते आणि महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. म्हणून भरायच्या आधी ऊन देणं हेच खरं काम. आजी एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर हरभरा पातळ पसरायची आणि दुपारी दोन वेळा हलवायची, तेव्हा वाटायचं किती तो खटाटोप.

13 एप्रिल

लातुरात ऊन चाळिशीच्या वर. डाळ, हरभरा, मूग सगळं गच्चीवर. तुरीची डाळ घरचीच, आईनं लाल माती लावून वाळवून जात्यावर भरडलेली. डाळीला भुंग्याचा त्रास अख्ख्या तुरीपेक्षा खूप कमी, त्याला वाढायला अख्खा दाणा जास्त मानवतो, म्हणून वर्षाची तूर अख्खी ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेली बरी.

बियाण्याची मालदांडी मात्र असं तापत्या पत्र्यावर टाकायची नाही, जास्त तापलं तर उगवण जाते. सकाळच्या उन्हात चादरीवर, दुपारी सावलीत.

कोरडं झालं का हे बघायला दोन गोष्टी केल्या. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. पण नाही चिकटलं म्हणजे काम झालं असं नाही, ज्वारी 12 च्या आत आणि कडधान्य 10 च्या आसपास पाहिजे. तिथं आबांचा दात. ज्वारीचा दाणा चावला की कट्ट वाजून फुटला पाहिजे, दबला तर परत उन्हात. आबांनी पहिल्या दिवशीचे दाणे चावून मान हलवली, तीन दिवसांनी होय म्हणाले.

20 एप्रिल

भरलं. 15 किलो तेलाच्या डब्यात ज्वारी किंवा डाळ साधारण 12-13 किलो बसते. उन्हातून काढलेलं धान्य गरम असताना भरू नये, आत घाम धरतं, संध्याकाळी गार झाल्यावर.

आजी डबा भरताना जमिनीवर आपटायची, परत भरायची, परत आपटायची, वरपर्यंत गच्च. तेव्हा वाटायचं जास्त मावावं म्हणून. आता कळतंय की आत हवा जेवढी कमी तेवढं किडीला कमी मिळतं, घट्ट बंद डब्यात कीड आत आहे तेवढी हवा संपवून मरते, आणि अर्धा रिकामा डबा म्हणजे तिला मोकळं रान. शेवटी झाकणाच्या काठाला आजी राख आणि मातीचा लेप द्यायची.

मी लेपाऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली.

4 मे

ट्यूब फेल. उन्हाळ्यात रबराचा वास डाळीत उतरला, वरची दोन वाट्या डाळ शिजवली तर आईनं पहिल्याच घासाला ताट सारलं. वरचा थर काढून गुरांना, बाकीची परत दोन दिवस उन्हात पसरली, वास गेला. दोन सुट्ट्या आणि अर्धा किलो डाळ गेली.

आता नवारीची पट्टी, मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून, झाकणाच्या घेरात गुंडाळून झाकण दाबून बसवलं. मेणाला वास नाही आणि उघडताना सुरीनं निघतं. 30 रुपयांत सगळे डबे झाले. ज्या डब्यातून रोज काढायचं त्याला हे जमत नाही, त्यासाठी महिन्याची डाळ वेगळ्या स्टीलच्या डब्यात काढून घ्यायची आणि मोठा डबा लगेच परत बंद.

25 मे

पाऊस लवकर आला, मे महिन्यातच रोज. वाळवण ज्यांचं राहिलं त्यांचं राहिलंच.

बाटल्या उघडल्या. ताज्या पाल्याच्या बाटलीत बुरशी, दाणे एकमेकांना चिकटलेले, सगळा हरभरा टाकला. ओला पाला म्हणजे आत पाणी घालण्यासारखंच. वाळलेल्या पाल्याच्या बाटलीत भुंगे कमी पण होते. अर्ध्या बाटलीत सगळ्यात जास्त, हलवली की पीठ उडत होतं. गच्च भरलेल्या बाटलीत तळाशी थोडे मेलेले. तेलाच्या बाटलीत जवळजवळ काहीच नाही, किलोला एक छोटा चमचा तेल, दोन्ही हातांनी चोळून. आता हरभऱ्याचा आणि मुगाचा डबा उघडून तेल लावून परत भरले, पाऊस नसलेल्या दुपारी. आजी एरंडेल वापरायची, मी घरातलं करडईचं.

28 सप्टेंबर

या महिन्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो कुणी विसरणार नाही, शेतं वाहून गेली, आमचं सोयाबीन पाण्यातच. गोठ्यात ओल चढली, भिंती पाझरल्या. विटांवर ठेवलेले डबे तसेच उभे. फळीवरचा एक डबा फळी फुगून तिरका झाला, तो विटांवर घेतला. फळीपेक्षा विटाच.

आबा सारखं विचारायचे, रेघेचा डबा बघितलास का. पाऊस चालू असताना उघडायचा नाही म्हणून थांबलो.

19 ऑक्टोबर

ऊन पडलं. मेण काढून झाकणं उघडली.

तूरडाळ: स्वच्छ, वास नाही. मूग: चाळल्यावर चार-पाच मेलेले भुंगे. हरभरा: एका डब्यात चांगला, दुसऱ्यात वरच्या थरात जाळी, तो डबा भरताना काठोकाठ भरायला हरभरा कमी पडला होता आणि वर चार बोटं जागा राहिली होती. पुढच्या वेळी उरलेली जागा कोरड्या राखेच्या पिशवीनं भरायची.

मालदांडी: 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी 86 ला मोड. प्रमाणित बियाण्याला 75 टक्के उगवण लागते, म्हणजे पेरायला चालतंय. ठिगळाच्या डब्यातलं आणि बहात्तरच्या डब्यातलं वेगळं मोजलं, फरक नाही.

26 ऑक्टोबर

वाफसा आला तशी वरच्या रानात पेरणी केली, उशीरच झाला पण सगळ्यांचाच झालाय. दोन एकराला बी घरचं.

हिशोब: झाकणं आणि ठिगळं 870, विकत घेतलेले डबे 250, रंग 340, रिक्षा 200, नट-बोल्ट, मेण, नवार मिळून 42. एकूण 1702 रुपये. नवीन स्टीलच्या कोठ्या यापेक्षा बऱ्याच महाग पडल्या असत्या, पण ज्यांच्याकडे जुने डबे नाहीत त्यांनी मुद्दाम जुने शोधू नयेत, वेल्डिंगच्या शिवणीचे नवे घ्यावेत.

राहिलेलं काम: डालड्याचे दोन डबे. त्यांच्या आतला मुलामा बराच गेलाय, त्यात धान्य ठेवणार नाही. एक आबांनी पेरणीला बी घ्यायला मागून घेतला आणि शेतात नेला, दुसऱ्याच्या बुडाला भोकं पाडून तुळशीला लावायचाय, माती आणायची आहे.